चवथ झाली की ये

बाई,

आज शनिवार, म्हणजे आपल्या कायदा-मदत क्लिनिकचा दिवस. दुपारचे तीन वाजून गेलेत, लाइट गेलेली आहे आणि मी तुमच्या खुर्चीत बसतेय आणि उठतेय. सकाळपासून हेच चाललंय. माझी एक विद्यार्थिनी स्कूटर घेऊन देवबागला गेली आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या रापणकाराला, किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्याला, तिने चुकीची तारीख सांगितली होती, ते त्याच्या दारात उभं राहून कबूल करायला मीच तिला पाठवलंय. ती परत येईपर्यंत माझ्याच्याने दुसरं काही होणार नाही, म्हणून कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही एवढी अक्कल मला आहे. पण गडग्याच्या बाईबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय. दर दोन मिनिटांनी उठतेच आहे, ते सोडा.

खोली अजून तीच. खाली रेशनचं दुकान, वर आपण. पंचायतीने मध्यंतरी भिंतींना पोपटी रंग दिला, तो तुम्हाला बघवला नसता. पहिल्या शनिवारी मी या खोलीत आले तेव्हा काखेत नवीकोरी फाइल होती आणि पर्समध्ये तीन पेनं. लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते, वाचलेलं सगळं आता माणसांवर वापरून बघायचं होतं. समोर एक आंबेवाला बसला आणि त्याने तोंड उघडायच्या आत मी लिहायला लागले. तुम्ही पलीकडच्या टेबलावरून, वरही न बघता म्हणालात, "पेन खाली." त्या माणसासमोर. माझे कान तापले. मी पेन ठेवलं, पण बोटांत धरूनच ठेवलं, तर पुन्हा तेच: "खाली म्हणजे टेबलावर." मग त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, ते त्याला त्याच्याच मालवणीत परत सांगायचं आणि विचारायचं, असांच मां? तो होय म्हणाला की मग पेन उचलायचं. घरी आईशी मालवणीत बोलणारी मी, इथे वकील व्हायचं म्हणून पुस्तकी मराठी बोलत होते. त्या माणसाची जमीन त्याला परत सांगताना मला घाम फुटला. त्या दिवशी मला तुमचा रागच आला होता, आणि तो बरेच महिने गेला नाही.

आणि तुमची ती कॅलेंडरं. दारामागच्या खिळ्यांवर, कपाटात, खुर्चीखाली, वीसेक वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं. आम्ही पोरं हसायचो, बाईंनी रद्दीचा धंदा काढलाय म्हणून. पण इथे तारीख सांगतं कोण? भांडण शिमग्यात झालेलं असतं, बाप नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी गेलेला असतो, मोजणीवाला जत्रेच्या आठवड्यात येऊन गेलेला असतो. कायद्याला मात्र तारीख लागते. मग तुम्ही त्या वर्षाचं कॅलेंडर काढायचात, सण शोधायचात, त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचात आणि तिथून बोटाने दिवस मोजायचात. "आधी कॅलेंडर, मग कलम," हे वाक्य तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंत की आम्ही तुमची नक्कल करताना तेच म्हणायचो. मी नक्कल फार छान करायचे.

गडग्याची बाई आली ती आषाढात, डोक्यावर इरलं, पाय चिखलाने माखलेले. तुम्ही म्हणालात, "बस गो. पाणी पी. मगे सांग." ती पाणी प्यायली, पण बसली नाही. उभ्यानेच गाऱ्हाणं घातल्यासारखं एका दमात सांगितलं: "शिमग्याच्या दुसऱ्या दिसाक दिरान गडगो घातल्यान. माझी वाट बंद केल्यान. आता मी व्हाळातसून जातंय. पावसात व्हाळ भरता, मगे माझा दूध खंय जातला?" नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. एक गाय होती आणि रस्त्याकडेच्या सात-आठ घरांचा दुधाचा रतीब. घरापासून रस्त्यापर्यंतची जुनी पायवाट दिराच्या अंगणाच्या कडेने जायची, तिथे त्याने चिऱ्यांचा छातीएवढा गडगा उभा केला होता. तुम्ही आम्हाला घेऊन तिथे गेलात. चपला हातात घेऊन व्हाळ ओलांडलात, गडग्याला हात लावून बघितलंत, आणि परत येताना मला म्हणालात, "ही केस तुझी." अशी वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जायचं असतं, तिथे निकाल त्यातल्या त्यात लवकर लागतो, हे मला पाठ होतं. अर्ज मी लिहिला. चार वेळा लिहिला. तुम्ही चौथा पास केलात आणि काहीच बोलला नाहीत, म्हणजे चांगला होता. आता फक्त तिची सही हवी होती.

सहीला ती येईना. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी एकदा तिच्याकडे जाऊन आले तर म्हणाली, "देवाक इचारूचा आसा." तिला कौल लावायचा होता. देवळात गुरव देवाच्या अंगाला पाकळ्या लावणार, उजवी पडली तर हिने दिरावर अर्ज करायचा. पहिल्यांदा गेली तर भावकीत सुतक पडलं. दुसऱ्यांदा गेली तर पाकळी डावी ना उजवी, पडलीच नाही. मी तोपर्यंत मनातून वैतागले होते. कायदा शिकलेल्या मुलीला पाकळीसाठी थांबायला लागावं, हे मला कमीपणाचं वाटत होतं. तुम्हाला कौलाचं मी सांगितलंच नाही, तुम्ही मला हसाल असं वाटलं. तुम्ही हसला नसता हे आता कळतं. "पक्षकार येते म्हणाली आहे," एवढंच सांगत राहिले.

आता तो शनिवार. चवथीच्या आधीचा. तुम्ही तापाने घरी होता आणि किल्ली माझ्याकडे होती. बरोबरचे सगळे आदल्या दिवशीच आपापल्या गावी गेले होते. तुम्हाला माहीत आहे, चवथीच्या आठवड्यात आपल्याकडे कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. मला साडेबाराची एसटी पकडायची होती, घरी गणपतीवर माटवी बांधायची होती, मुंबईचे चुलते येणार होते. बाराला कुलूप हातात घेऊन मी जिन्यात उभी. आणि ती आली, बाई.

हे तुम्हाला सांगायचं होतं. ती आली होती.

व्हाळाने भिजलेली, धापा टाकत. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "चवथ झाली की मी सहीक येव काय गो? तंवसर कौलय मिळात. का उशीर होतलो?" नीट विचारलं तिने. तिला उशिराची भीती होती, म्हणून तर व्हाळातून आली होती. मला फक्त वर जायचं होतं, कपाट उघडायचं होतं, कॅलेंडर काढायचं होतं आणि शिमग्यापासून बोट फिरवायचं होतं. पाच मिनिटांचं काम. मी तिथेच उभ्या उभ्या म्हटलं, "घाय नाय गो. वेळ आसा. चवथ झाली की ये." ती हसली. मला म्हणाली, "बरां वाटला." आणि मी एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली होती, हेसुद्धा आठवतं.

चवथ झाली. चवथीनंतर पितरांचे म्हाळ लागले, म्हाळात तिच्या घरी कोण काय ठरवणार. सर्वपित्री झाल्यावर ती आली, साडी नेसून, केसांत अबोली. तिसऱ्यांदा कौल उजवा पडला होता. "उजवो दिल्यान," तिने दारातूनच सांगितलं. तुम्ही कॅलेंडर काढलंत. शिमग्याला लाल गोल आधीच होता, तुम्हीच आषाढात केलेला. तुमचं बोट महिने ओलांडत खाली आलं आणि थांबलं, मग पुन्हा शिमग्यापासून मोजायला लागलं. मी तुमच्या मागे उभी होते आणि तुमच्या पहिल्या मोजण्यातच मला कळलं होतं. नऊ दिवस उलटून गेले होते. चवथीच्या आधीच्या त्या शनिवारी आमच्या हातात तीन आठवडे होते.

ती बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "मध्ये एकदाही आली नाही ती?" तुमच्यासमोर नोंदवही उघडी होती. त्या शनिवारच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: कोणी आले नाही. ते मी खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नव्हतं, एवढं तरी माना. कोणी आलं की तुमच्या नियमाप्रमाणे त्याने काय विचारलं, आपण काय सांगितलं, सगळं अर्धं पान लिहायचं असायचं. सुटीनंतर वही भरताना मला कंटाळा आला होता, बास. पण तुम्ही विचारलंत तेव्हा तो कंटाळा राहिला नाही. मी म्हटलं, "नाही." तुम्ही त्या रकान्यावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "चूक माझी. पाठवायला हवं होतं कुणाला तरी. आणि ती का येत नाही हे मी विचारलं नाही." मग तिला आत बोलावून तुम्ही स्वतः सांगितलंत की मुदत गेली, आता मोठ्या कोर्टात दावा करता येईल, पण वर्षं जातील. ती माझ्याकडे बघतही नव्हती. आता तोंड उघडेल ती, आता उघडेल, म्हणून मी टेबलाची कड धरून उभी. ती काही बोलली नाही त्याबद्दल. पदराने डोळे पुसून म्हणाली, "देवान उशीर केल्यान. तुमी काय करतल्यात?" मोठ्या कोर्टात जाणार नाही म्हणाली, घरातली माणसं. पुढच्या पावसाळ्यात तिने गाय विकली.

त्यानंतर तुम्ही फॉर्ममध्ये तो प्रश्न घातलात. नाव, गाव, वाडी, आणि मग: देवाक इचारलंस काय? कौल व्हायचा असेल तर तो कधी, हे आधी लिहून घ्यायचं आणि मुदत त्याच्याशी ताडून बघायची. विद्यापीठातून तपासणीला आलेले एक साहेब या प्रश्नावरून भडकले होते, ही अंधश्रद्धा सरकारी कागदावर कशी म्हणून. मी त्यांच्याशी तासभर भांडले आणि प्रश्न ठेवला. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत या प्रश्नाची गोष्ट सांगितली, आमच्या बाईंनी स्वतःची चूक मान्य करून कामाची पद्धत कशी बदलली, वगैरे. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायले आणि खाली बसले. तुमच्या डोक्यावर माझं ओझं, आणि वर माझ्या कौतुकाची शाल. लाज वाटली का? वाटली. पण दुसऱ्या कार्यशाळेतही तीच गोष्ट सांगितली.

तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी मला घरी बोलावलंत आणि सगळी कॅलेंडरं दिलीत, सुतळीने बांधून, वर्षांप्रमाणे लावून. मी म्हटलं, एवढी कशाला, तर म्हणालात, "लागतील." त्या वर्षाचं कॅलेंडर मी आजतागायत उघडलेलं नाही. गठ्ठ्यात ते मधोमध आहे, त्याची कड ओळखता येते. शिमग्यापुढे तुमच्या पेन्सिलीचं आणखी काही असेल, त्या शनिवारभोवती एखादी खूण असेल, असं मला कधी वाटतं. तुम्हाला माहीत होतं का, बाई? असलं तर का बोलला नाहीत, आणि नसलं तर मला एवढ्या विश्वासाने किल्ली का दिलीत? हे दोन्ही मला झोंबतं.

आणि आज सकाळी ही मुलगी. आल्या आल्या, अजून लोक यायचे होते, टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून चूक झाली." देवबागच्या त्या म्हाताऱ्याच्या चुलतभावाने जमिनीच्या कागदावर एकट्याचंच नाव लावून घेतलंय. त्यावर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं होतं. तो मुदतीत आला होता, आणि हिने त्याला सांगितलं होतं... सांगा बघू काय? "चवथीनंतर या." तेवीस वर्षं झाली, बाई, कायदे बदलले, पोरं मोबाइलवर कलमं बघतात, आणि चवथ तिथल्या तिथे आहे. मी तिच्यावर इतकी भडकले की खालचा रेशनवाला वर बघायला आला. तुम्ही दोन शब्दांत जे करायचात ते मी अर्धा तास करत होते. काय काय बोलले ते लिहीत नाही. मध्येच लक्षात आलं की मी तिच्याकडे बघून बोलतच नाहीये, दारामागच्या खिळ्यांकडे बघून बोलतेय. ती रडत होती, पण जागची हलली नाही. "मी तुम्हाला सांगायला नको होतं का?" एवढं तिने विचारलं. मग मी तिला खुर्ची ओढून दिली.

यात मार्ग आहे. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, फक्त कारण खरं द्यावं लागतं. तेव्हा तिला लिहायला सांगितलं, पेन खाली वगैरे काही नाही, सरळ लिही: आमच्या क्लिनिकमधून अर्जदारास चुकीची तारीख सांगण्यात आली. खाली तिची सही, तिच्या खाली माझी. सही करताना मनात आलं, तेव्हाही तुम्ही काहीतरी मार्ग काढला असतात. त्या कायद्यात जागा कमी होती, तरी तुम्ही भांडला असतात. पण भांडायला कारण लागतं, आणि ते माझ्या तोंडात होतं. मग तिला म्हटलं, कागद नंतर, आधी त्याच्या घरी जा आणि तोंडाने सांग. ती घाबरली. तिला धीर यावा म्हणून मी म्हटलं, "मीपण गेले होते एकदा अशीच सांगायला. माणूस मरत नाही त्याने."

ती आत्ता येऊन गेली, बाई. पाच वाजत आलेत. म्हातारा आधी खूप ओरडला म्हणे, "पोरांक शिकूक आमचीच जमीन गावली काय?" सगळी आळी जमा झाली. ही उभी राहिली. मग त्याच्या बायकोने आतून सोलकढी आणून दिली आणि म्हणाली, "उन्हातसून इली हा, पिवंक दी तिका." सोमवारी सहीला येतो म्हणालाय. अपील दाखल होईल, माफी मिळेल की नाही ते प्रांतांच्या हातात. ही मात्र हलकी होऊन आली होती, चेहरा धुतल्यासारखा. हेल्मेट घालता घालता मला विचारते, "मॅडम, तुम्ही गेला होता तेव्हा ते काय म्हणाले होते?" मी म्हटलं, "रागावले. मग चहा दिला."

ती बाई अजून आहे. सोमवारच्या बाजारात भेटते, पाठीत वाकली आहे, पण मला लांबून हाक मारते, "गो वकिलीण, बरी आसंस मां?" कधी पिशवीत चार कोकमं टाकते. त्या वर्षापासून ती देवळात कौलाला गेलेली नाही. मला एकदा सांगितलं होतं, "माझी वेळ इली तेवा माका थांबवल्यान. आता मी खंय तेका इचारूक जावचंय नाय." तेवीस वर्षं ती देवावर रुसून आहे. निम्मा दोष देवाने घेतला, निम्मा तुम्ही.

मघाशी चारच्या सुमाराला मी चपला घातल्या होत्या. तिच्याकडे जायचं, जिन्यात उभी राहून तिला काय सांगितलं होतं ते सांगायचं, तिला ओरडू द्यायचं. या खिडकीतून तिच्या वाडीचा चढ दिसतो. गडगा अजून आहे, त्याच्यावर वेल चढलेत. तिथून वाट असती तर वीस मिनिटं, व्हाळाच्या बाजूने वळसा घालून पाऊण तास. चपला अजून पायात आहेत, आणि मी परत येऊन खुर्चीत बसले आणि उरलेलं पत्र लिहिलं. हा कागद मी त्या गठ्ठ्यात, त्या वर्षाच्या कॅलेंडरात सरकवून ठेवेन, न उघडता, कडेकडेने. तुम्हाला लिहायला मला दोन तास लागले, बाई. वळसा घालूनसुद्धा एव्हाना मी तिच्याकडे जाऊन परत आले असते.